फेरतपासणी

एकतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
मी छापून आलेले ताव तपासले.
शाई पसरलेली, आकडा सरकलेला,
कडेला केसाएवढी चीर,
की लाल पेन्सिलीची खूण, आणि ताव बाजूला.
हात आपोआप जायचा. डोळा त्याच्याही आधी.

आता पहाटे पलंगाच्या काठावर बसून
तोच डोळा स्वतःवर फिरवते.
उजवा गुडघा : कुरकुर.
डाव्या अंगठ्याचं नख : काळं, पण धरून आहे.
कंबर : विचारू नये.
वय : अडुसष्ट पूर्ण.
त्या नियमाने मला
केव्हाच बाजूला काढायला हवं.

बुटाची नाडी बांधायला वाकले की 'आई गं' निघतं तोंडातून.
ती आई चाळिशीतच गेली.
अडुसष्टाव्या वर्षी कसं वाकायचं
हे तिलाही सांगता आलं नसतं.

गोल्फ क्लबच्या मैदानावरून निघालो तेव्हा अंधार होता,
जानेवारीचा, कानाच्या पाळ्या चावणारा.
सातपूरपर्यंत गर्दीनेच ओढून नेलं.
पपया नर्सरीनंतर गर्दी पुढे गेली
आणि मागे उरलो मी आणि बरकू गांगुर्डे,
एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त, एकाहत्तर,
चढ लागला की तोंडाने गिअर बदलतो.
अंजनेरीला वळसा घातला. डोंगरावर ऊन उतरलं होतं.
"अर्धं झालं," बरकू म्हणाला.
खोटं. अर्धं बत्तिसाव्या किलोमीटरला होतं,
दोघांनाही माहीत होतं.

खंबाळ्याजवळ त्याची पोटरी आवळली.
मागून टेम्पो आला, दमलेल्यांना गोळा करणारा,
आत तीन तरुण पोरं, माना खाली, केळी खात.
बरकू चढला. फळीवर बसत म्हणाला,
"जा बाई. मी काय भंगारात नाही निघालो.
पाटा बदलून येतो पुढच्या वर्षी."
नंतर बराच वेळ तो टेम्पो
माझ्या मागे पहिल्या गिअरमध्ये राहिला.
ड्रायव्हर हॉर्न वाजवत नव्हता.
ते जास्त कठीण होतं.

महिरावणीला पाण्याच्या टेबलावरचा पोरगा
ग्लास आवरत होता. एक परत भरून दिला.
"आजी, अजून किती जण मागं?"
मी वळून पाहिलं.
रस्ता, टेम्पो, आणि एक कुत्रं.
"मीच शेवटची," म्हणाले.

चौतिसाव्याला पाय माझे राहिले नाहीत,
तेव्हा मोजायला लागले.
शंभर पावलांचं एक पाकीट.
दहा पाकिटांचं बंडल.
बंडल बांधायचं, बाजूला ठेवायचं,
पुढचं हातात घ्यायचं.
पुढे किती आहेत हे प्रेसमध्येही कुणी विचारत नसे.

सातपूरला रविवारी कारखाने चालू.
इथे सुट्टी शनिवारची.
टपरीवर चहा पिणारा एक कामगार ओरडला,
"काकू, शर्यत संपली की!"
"माहितीये," म्हणाले,
आणि तेवढ्यात मोजणी चुकली.
पुन्हा एकपासून.

शंकू उचलले होते. रिक्षांना रस्ता परत मिळाला होता.
आयटीआयच्या सिग्नलला लाल दिवा लागला
तेव्हा मीही थांबले,
जागच्या जागी पाय हलवत,
स्कूटरवाल्या दोन बायकांच्या मध्ये.
एकीने विचारलं, "कुठून?"
"अंजनेरी."
ती हसली. तिला वाटलं, मी दर्शनाला गेले होते.

मैदानात हवेची कमान अर्धी बसली होती.
एक मुलगा तिच्यावर गुडघे टेकून
उरलेली हवा काढत होता.
वेळ मोजणारी चटई गुंडाळून गाडीत गेली होती.
मी कमानीखालून जाऊ शकले नाही.
ओलांडून गेले,
एक पाय, मग हाताने उचलून दुसरा.
मुलगा म्हणाला, "जपून, आजी."
सात तास बारा मिनिटं. फक्त माझ्या घड्याळात.

घरी छातीवरचा नंबर सोडवून
खिडकीच्या उजेडात धरला, जुन्या सवयीने.
घामाने शाई पसरलेली.
शेवटचा आकडा सरकलेला.
पिन लावलेल्या कोपऱ्यात चीर.

दोन चिमटे लावून
दोरीवर वाळत घातला. शेजारी मोजे.
मग बरकूला फोन लावला, पोटरीचं विचारायला.